निळ्या फरश्यांचा हौद

आमच्या माहेरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. चुलीत कितीही लाकडं सारा, दाणा आपला टणक तो टणकच. माय त्याला जड पाणी म्हणायची आणि डाळीपुरती एक घागर लांबच्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून भरून आणायची. बाकी पिणं, धुणं, बाग, सगळं त्या विहिरीवरच. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला जरा मचूळ, आणि जिथं म्हणून ते उभं राहील आणि आटेल तिथं काठाला पांढरी खपली सोडून जाणारं. रांजणाच्या गळ्याशी, तांब्याच्या बुडाशी, घंगाळाच्या कडेला, कुठंही बघा, ती खपली. आम्ही तिला खार म्हणत असू. आज माझ्या नातसुनेच्या मोरीत नळाखाली तसाच पांढरा डाग धरतो, आणि मी रोज संध्याकाळी फडक्यानं नळ पुसून कोरडा करते. ती म्हणते, आजी, तुम्हाला दुसरं काही काम नाही का. नाही, बाई. मला लहानपणापासून हेच एक काम नीट येत होतं, आणि तेच माझ्या हातून गेलं. त्याचीच ही हकिगत.

आमचं घर धर्मापुरीच्या अलीकडे, एका जागीरदारांच्या बागेच्या कडेला होतं. धाब्याचं, बुटकं, पुढे ओसरी आणि तिच्यावर सदा काहीतरी वाळत घातलेलं, करडई नाहीतर मिरच्या. बा बागेचा माळी. पहाटे मोटेचं चाक करकरायला लागलं की आम्हाला जाग यायची. भाऊ बैलांना पुढं-मागं हाकत स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचा, आणि मोट थारोळ्यात रिकामी झाली की भस्सकन आवाज व्हायचा. माय तोवर भाकरी थापायला बसलेली असायची. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर करडईच्या कच्च्या तेलाची धार. ती धार मात्र माय हात आखडून सोडायची, कारण आमच्या घरातलं निम्मं तेल हौदाला जायचं.

तो हौद बागेच्या मधोमध, उंच भिंतींच्या आत होता. जनान्यातल्या बायकांनी पोहावं म्हणून जागीरदारांच्या वडिलांनी बांधलेला. काठाच्या खाली चारी बाजूंनी निळ्या चिनी मातीच्या फरश्या, एकेक तळहाताएवढी, चुन्यात बसवलेली. त्या कुठल्या लांबच्या मुलखातून गवतात गुंडाळून बैलगाड्यांनी आल्या, असं बा सांगायचा. स्वतः त्यानं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. आत पुरुषाची सावलीसुद्धा पडायची नाही, त्यामुळे हौद राखणं हे माळ्याच्या घरातल्या बायकांचं काम. आधी आजीचं, मग मायचं, आणि मायच्या कमरेत वात भरल्यापासून माझं. उन्हाळ्यात पाणी रोज बोटभर आटायचं आणि आटता आटता फरश्यांवर पांढरी रेघ ओढून जायचं. ती रेघ त्याच दिवशी पुसली तर पुसली. दोन दिवस राहिली की तिची खपली, आणि महिना राहिली की दगड. म्हणून रोज कलत्या उन्हात मोटेचं पाणी सोडून हौद पहिल्या पातळीला आणायचा, पाण्याच्या वर उघडी राहिलेली फरशी फडक्यानं कोरडी करायची, आणि तिच्यावरून करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचा, म्हणजे पाणी फरशीला धरत नाही. जिथं खपली धरलीच असेल तिथं ओलं गोणपाट दिवसभर लावून ठेवायचं, ती जरा नरमली की बांबूच्या कामटीनं, ओरखडा न पडू देता, हळूहळू खरडायची. एक फरशी निघायला अर्धी सकाळ जायची. माझ्या वयाच्या पोरी चिंचा पाडत हिंडायच्या आणि मी हौदाच्या आतल्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी. मला त्याचं वाईट वाटत नसे. ते निळं सगळं माझंच आहे, असं मी धरून चालले होते.

जागीरदारांच्या आईला सगळे बडी बेगम म्हणत. अंगानं चांगल्या भारदस्त, चालताना धाप लागायची, पण पाण्यात उतरल्या की अशा हलक्या व्हायच्या की बघत राहावं. एकदा पोहत पोहत त्या काठाशी आल्या, माझी हनुवटी धरली आणि मायला म्हणाल्या, “ये छोकरी कहीं नै जाती. इसका दूल्हा इधरीच ला के रखो. मैं देती उसकू बाग में काम.” मायनं पदर सावरून ‘जी, जी’ केलं. झालं, माझं सासर तिथंच मिटलं. माझ्याबरोबरीच्या पोरी एकेक करून हळद लावून घेऊन, रडत गाडीत बसून गेल्या आणि मी ओसरीवरून बघत राहिले. मला जायचं नव्हतं. कुणाच्या तरी घरी जाऊन कुणाच्या तरी मायची बोलणी खायची नव्हती. सोयरीक घेऊन कुणी आलं तर बा सांगायचा, “तिचं बेगमसाबनी ठरवलंय.” हौदाचा फडका माझ्या हातात आहे तोवर मला या बागेतून कुणी हलवणार नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं.

मग भावाचं लग्न झालं आणि द्वारका आली. तेलगावची. तिच्या बापाची उसाची बागायत, घरचं गुऱ्हाळ. येताना गुळाची ढेप घेऊन आली, काकवीची घागर घेऊन आली, आणि आल्या दिवसापासून घर गोड करून टाकलं. हे मी कौतुकानं लिहीत नाही. आमच्यात गूळ सणालाच दिसायचा. ती भाकरीच्या काल्यात काकवी ओतून बापुढं ठेवायची आणि ज्या बानं जन्मात कुणाच्या हातच्या जेवणाला बरं म्हटलं नाही, तो बोटं चाटायचा. दिसायला सावळी, हसली की हिरड्या दिसायच्या. हिच्यात घेण्यासारखं काही नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पण पंधरवडा उलटला नाही तोच सगळं घर तिच्याभोवती. संध्याकाळी माय ओसरीवर बसून तिची वेणी घालायची, उवा बघायची, तिच्या माहेरच्या गोष्टी ऐकायची. माझी वेणी मी माझीच घालत होते, आणि ते कधीपासून हे कुणाला आठवतही नव्हतं.

हौदाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात जुना खार होता. माय एका उन्हाळ्यात अंथरुणाला खिळली तेव्हाचा. तिथल्या फरश्या निळ्या आहेत हे विसरायला झालं होतं, इतका जाड थर. मी वर्षानुवर्षं तो कडेनं पोखरत आले होते. एके सकाळी द्वारका माझ्यामागं आत आली, तो कोपरा बघितला आणि माझ्या हातातल्या कामटीकडं बघितलं.

“वन्सं, हे कावून खरडीत बसलाव? आमच्या काहिलीला असंच धरतंय. उसाच्या रसात चुना टाकत्यात न्हवं, त्यो बसतो बुडाला. आमी उरलेला रस मडक्यात आंबवून ठिवतो. त्येचा शिरका झाला की लावायचा, लगीच निघतंय.”

“ही काहील न्हाई,” मी म्हणाले.

“खार तर त्योच हाय,” ती म्हणाली आणि हसली.

पुढच्या खेपेला भाऊ तेलगावला गेलता, तो येताना मडकं घेऊनच आला. झाकण काढलं तशी आंबूस वाफ नाकात गेली आणि कुठून कुठून माशा जमल्या. द्वारकेनं काठीला चिंधी बांधली, शिरक्यात बुडवली आणि कोपऱ्यातल्या थरावर फिरवली. फस्स करून फेस आला. भाताला उकळी फुटताना होतो तसा आवाज, फक्त खाली जाळ नाही. तो पांढरा फेस ओघळत गेला, तिनं वर पाणी मारलं, पुन्हा शिरका, पुन्हा फेस, आणि बघता बघता खालून निळं दिसायला लागलं. माझं वर्षावर्षाचं काम तिनं दुपारच्या भाकरीच्या आत उरकलं. संध्याकाळी बडी बेगम आल्या आणि तो कोपरा बघून जागीच उभ्या राहिल्या. “माशाअल्लाह. ये तो नया हौज हो गया. कौन करी ये?” मायनं द्वारकेला पुढं ढकललं. बेगमसाहेबांनी तिला त्याच दिवशी चोळीचं रेशमी कापड दिलं. मला कुणी मागं ढकललं नाही, मी आपणच मागं उभी होते.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आपण म्हणतो. ही तर कानामागून आली आणि गोड झाली, आणि त्याचाच मला जास्त राग. तिखट असती तर चारजणांत तिला नाव तरी ठेवता आलं असतं. मी जळत होते. या वयात लपवून काय करायचं? तिनं थापलेली भाकरी फुगली की माझं तोंड वाकडं व्हायचं. ती कांदा चिरताना डोळे पुसायची तेवढंसुद्धा बघून मला बरं वाटायचं. भाऊ मोटेवरून आला की आधी तिला हाक मारायचा, ते ऐकून मी मुद्दाम घागरी आपटायचे. ती यातलं काही मनावर घेत नसे, आणि हा तर सरळसरळ माझा अपमान होता. भांडायला बोलवावं आणि समोरच्यानं वाढून आणावं, तसं चाललं होतं.

हौदावर मला आता काम उरलं नाही. तेलाचा बोळा बंद झाला. द्वारका म्हणायची, “धरलं तर धरू द्या की, शिरका हाय न्हवं.” अमावास्या-पुनवेला मडकं उघडायचं, चारी बाजूंनी एक हात फिरवायचा, की हौद लख्ख. वाचलेलं तेल भाजीवर यायला लागलं, तेव्हा घरात सगळ्यांचंच भलं झालं. आणि एक दिवस मी ओसरीवर ज्वारीतले खडे निवडत होते तेव्हा आत बा मायशी बोलताना ऐकलं. “बेगमसाबचं काम तर आता द्वारका बघती. मग पोरीला किती दिवस ठिवायचं? परळीचं एक ठिकाण हाय.” माय काहीतरी पुटपुटली, पण नाही म्हणाली नाही. सूप हातात तसंच राहिलं.

त्यानंतर मी रोज हौदावर जायला लागले, काम नसताना. कशात तरी खोट सापडावी म्हणून, दुसरं कशाला? आणि सापडली. उत्तरेच्या कोपऱ्यात फरशी पुसताना फडक्याला बारीक वाळू लागली. दोन फरश्यांमधली चुन्याची रेघ पूर्वी फरशीच्या बरोबरीनं होती, ती आता आत गेली होती, करंगळीचं टोक बसेल इतकी. फरशीवर टिचकी मारली तर पोकळ वाजली. मी घरी आले, मायच्या पानाच्या डब्यातला वाळलेला चुना चिमूटभर ओसरीच्या दगडावर ठेवला आणि त्याच्यावर शिरक्याचे दोन थेंब टाकले. फस्स. तोच आवाज, तोच फेस. थोड्या वेळानं दगडावर ओल राहिली, चुना नाही. खपली म्हणजे चुनाच, आणि फरशी ज्याच्यावर बसलीय तोही चुनाच. आंबटाला कुठून कळणार यातला कोणता ठेवायचा आणि कोणता खायचा?

मी आधी बाला सांगितलं. त्यानं दगडावरची ओल बघितली आणि हसला. “आपुन पानात चुना खातो, वर चिंचबी खातो. कुणाचं तोंड गळून पडलंय का?” मायला सांगितलं तर ती म्हणाली, “नावडतीचं मीठ अळणी, कौसा. तिनं सोनं जरी केलं तरी तुला पितळच दिसणार हाय.” भाऊ तर माझं पुरतं ऐकूनही घेईना. “तुला तिचं कौतुक बघवत न्हाई, एवढंच हाय,” म्हणून कासरा खांद्यावर टाकून निघून गेला. बघवत नव्हतंच. पण चुना खरंच जात होता ना. लोकांना माझा स्वभाव माहीत होता, हीच माझी अडचण झाली. खरं बोलायचं तर आधी माणूस घरात लाडकं असावं लागतं, हे मी तेव्हा शिकले आणि पुढं जन्मभर ते अनुभवत आले.

शेवटी द्वारकेलाच सांगितलं. तिला हौदावर नेऊन ती रेघ दाखवली, टिचकी मारून दाखवली. तिनं वाकून बघितलं.

“आमची काहील आज्ज्याच्या येळची हाय, वन्सं. तिला कवा काय झालं न्हाई.”

“काहिलीला सांधे हायत का?” मी म्हणाले. “ती एका पत्र्याची. हितं निस्ता चुना हाय मागं.”

तिनं करंगळी त्या रेघेवरून फिरवली. मला वाटलं, पटलं. मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “उगं जिवाला लावून घेताव. मी हाय की बघायला.” त्या हातानं मला जो संताप आला, तो मी आजही जसाच्या तसा सांगू शकते. पुनवेला पुन्हा मडकं उघडलं.

ईदेला हैदराबादेहून सुना-नाती आल्या आणि बाग माणसांनी भरून गेली. वाड्याच्या भटारखान्यातून तळणीचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा, आणि सकाळी एक बाई शेवयांचं झाकलेलं ताट आमच्याकडे देऊन गेली. दुपारी सगळ्या हौदात उतरल्या. मी, माय आणि द्वारका कोरडे कपडे घेऊन काठावर उभ्या होतो. पोरी पाणी उडवत होत्या, हसत होत्या. एकीनं उत्तरेच्या कोपऱ्यात काठ धरून वर यायला बघितलं आणि फरशीला पाय लावून जोर दिला. आधी एक फरशी सुटून बुडाली. मग तिच्या शेजारची. मग खडखडत अख्खी ओळ खाली बसली, मागचा भिजका चुना दुधासारखा पाण्यात पसरला, आणि ती पोरगी पाय धरून ओरडायला लागली. तळपायाला चीर पडली होती. फार नव्हती, पण पाण्यात रक्त दिसलं की बायकांचा धीर सुटतो. क्षणात हौद रिकामा झाला. बडी बेगम काठावर उभ्या राहून त्या उघड्या पडलेल्या भिंतीकडं बघत राहिल्या. संध्याकाळी माळ्याच्या घरातल्या सगळ्या बायकांनी वाड्यावर यावं, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी कुणी चूल पेटवली नाही. बा ओसरीवर डोकं धरून बसला होता. बाग सोडायला लागली तर जायचं कुठं, हा प्रश्न तो भिंतीला विचारत होता. भाऊ बायकोच्या अंगावर एकदा ओरडला आणि मग तिच्याजवळच जाऊन बसला. माय मला गोठ्यात घेऊन गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाली, “कौसा, तू म्हण माझ्याच्यानं झालं म्हून. हौद आजवर तूच बघितलास. तू काय, आज न्हाई उद्या जाणार. तुला बोल लागला तरी तू तुझ्या घरी जाशील. तिला लागला तर ती जलमभर हितंच ऱ्हाणार हाय, रोज बेगमसाबच्या डोळ्यापुढं.” हिशेब बरोबर होता. त्यात मी सोडून सगळ्यांचा विचार झाला होता. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. वाड्याकडं चालताना मी मनात एकच वाक्य घोळवत होते. मी आधीच सांगितलतं, आणि कुणी ऐकलं न्हाई. बस्स, एवढंच बोलायचं. मग माझं निळं मला परत मिळेल आणि परळीचं ठिकाण परळीलाच राहील.

बडी बेगम तक्क्याला टेकून बसल्या होत्या. समोर चांदीचं पानदान, पण उघडलेलं नव्हतं. “किसका काम है ये?” त्यांनी विचारलं. मायनं माझ्या पाठीला बोट लावलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या शेजारून द्वारका पुढं झाली. खाली बसली, दोन्ही हात जमिनीला टेकले.

“मी केलं, बेगमसाब. शिरका मीच लावला. वन्संनी मला दाखवलतं, सांधे खाया लागलेत म्हून. मीच ऐकलं न्हाई. त्यायचा काय बी गुन्हा न्हाई.”

माय खाली बघत होती. बेगमसाहेबांनी द्वारकेकडं बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, तो मला दिसला. “झूट बोल सकती थी. नै बोली,” त्या म्हणाल्या. “हौज तेरेच हाथ में रहिंगा. मगर शिरका नक्को. जैसा पहले होता था, वैसाच.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “और तेरेकू मालूम था? तो मेरेकू कायकू नै बोली?”

घरात चौघांना सांगून झालं होतं. लग्नाच्या पोरीनं मायबापाला ओलांडून, घरातली गोष्ट वाड्यावर नेऊन सांगायची, हे आमच्यात ऐकलेलं नव्हतं. हे मी बेगमसाहेबांना कसं सांगणार? मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पानदान उघडत त्या मायला म्हणाल्या, “बडी हो गई ये. ब्याह कर देव इसका.” खरं माझ्याजवळ महिनाभर आधीपासून होतं. पण खरं बोलल्याचं नाव द्वारकेचं झालं. शिरका तिचा, चोळीचं कापड तिचं, चूक तिची आणि खरेपणाही तिचाच. परत येताना मायनं अंधारात तिचा हात धरला होता, ठेच लागू नये म्हणून. मी मागून चालत होते. माझ्यासाठी ती धावून आली, हे मला कळत होतं. पण ज्या माणसाचा आपण हेवा करतो त्याचेच उपकार डोक्यावर घेणं, याच्याइतकं कडू काही नसतं. निंबोळी परवडली.

परळीचं ठरलं. परळी काही लांब नव्हतं, बैलगाडीनं दिवसभरात पोचता यायचं, पण माझ्या दृष्टीनं ते हैदराबादेइतकंच दूर होतं. जनाना दुसरीकडं हलवून हौद उपसला गेला, गवंडी आले, नव्या चुन्यात फरश्या बसल्या. ज्या फुटल्या त्यांच्या जागी साधे दगड लावले. हळद लागायच्या आधी द्वारका माझ्याकडं आली. “वन्सं, तुमची रीत शिकवा मला.” मला नाही म्हणता आलं असतं. पण नव्या सांध्यांना आठवड्यात पुन्हा खार धरेल आणि ते निळं पुन्हा पांढरं होईल, हे मला सहन होणार नव्हतं. तिच्यासाठी नाही, फरश्यांसाठी मी शिकवलं. पाणी कुठवर आणायचं, फडका किती पिळायचा, तेल बोळ्याला किती घ्यायचं, कामटी आडवी कशी धरायची. तिचा हात जड होता, मी वरून माझा हात धरून तो हलका केला. ती पटकन शिकली. ती सगळंच पटकन शिकायची.

पंचमीला मी पहिल्यांदा माहेरी आले. गाडीतून उतरल्या उतरल्या भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मायनं माझ्यासाठी पुरण घातलं होतं, त्याची डाळ झिऱ्यावरच्या पाण्यात शिजवलेली. बानं विचारपूस केली, भावानं माझ्या नवऱ्याच्या जमिनीचं विचारलं. ऊन कलायला लागलं तशी मी न राहवून हौदावर गेले. द्वारका पायरीवर उभी होती, गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचलेलं, पोट पुढं आलेलं. मोटेचं पाणी नुकतंच सोडून झालं होतं. मी काठानं हिंडले, नव्या कोपऱ्यापर्यंत गेले. कुठंही पांढरं नव्हतं. माझ्या हातून होतं त्याहून निळं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे, कारण मी किती बारकाईनं बघत होते ते मलाच माहीत आहे.

काठावर तेलाचा बोळा ठेवलेला होता. मी वाकून तो उचलला.

“ऱ्हाऊ द्या, वन्सं,” द्वारका म्हणाली. “चार दिसासाठी आलाव. हात कावून तेलात घालताव? बसा तिकडं.” तिनं माझ्या हातातून तो मायेनंच काढून घेतला.

तेवढ्यात दारातून बडी बेगम आल्या. त्यांची नजर अलीकडं अधू झाली होती, आणि मी नवं लुगडं नेसले होते, कपाळभर कुंकू होतं, डोक्यावरून पदर होता. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि द्वारकेला विचारलं, “ये कौन आई?”

“पाव्हणी हाय, बेगमसाब,” द्वारका म्हणाली. “आमच्याकडं आलीय.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या, आणि द्वारकेच्या खांद्याला धरून पाण्यात उतरल्या. मी काठावरून बाजूला झाले.